स्टेंट परत बंद झाला, पण कशामुळे?

हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट टाकलेल्या जागी ती नळी परत अरुंद झाली की रिपोर्टात एकच शब्द येतो, रिस्टेनोसिस. आणि बऱ्याचदा पुढचा निर्णयही लगेच होतो, आणखी एक स्टेंट टाका. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या आधी आत बघा, कारण रिस्टेनोसिस हे नुसतं दिसलेलं आहे, कारण अजून कळलेलंच नाही.

अँजिओग्राफीत आपण बघतो काय? डाय सोडतो, एक्स-रेत त्याची सावली दिसते. स्टेंटच्या आत किंवा त्याच्या कडेपासून ५ मिलिमीटरच्या पट्ट्यात ती सावली ५० टक्के किंवा जास्त बारीक झाली की झालं निदान. पण भिंतीत काय चाललंय, स्टेंट मुळात पूर्ण उघडला होता का, हे त्या सावलीवरून नीट कळत नाही. आणि हे काही आज कळलेलं नाहीये. नव्वदच्या दशकात इटलीतल्या अंतोनियो कोलंबो यांच्या टीमने अँजिओवर छान दिसणारे स्टेंट आयव्हसने, म्हणजे नळीत बारीक कॅथेटर घालून आतून केलेल्या सोनोग्राफीने, तपासले तर बरेचसे नीट उघडलेलेच नव्हते, मग जास्त प्रेशरने बलून फुगवून ते उघडायला लागले, आणि तोवर रक्त पातळ करायची जी जबरी औषधं स्टेंटनंतर द्यायचे त्यांची गरजच राहिली नाही. १९९५ साली हे छापून आलं.

आता गणित बघा, मला हे फार आवडतं. ३ मिलिमीटरचा स्टेंट पूर्ण उघडला तर आतली जागा साधारण ७ चौरस मिलिमीटर. तोच २ मिलिमीटरपर्यंतच उघडला तर ३ च्या आसपास, म्हणजे व्यास एक तृतीयांशाने कमी पण जागा निम्म्याहूनही कमी. पुढे दोन्हीत सगळ्या बाजूंनी सारखीच ०.३ मिलिमीटर टिश्यू वाढली असं धरा. पहिल्यात अजून साडेचार चौरस मिलिमीटर उरतात, पेशंटला पत्ताही लागत नाही. दुसऱ्यात दीड उरतं आणि चालताना छाती भरून येते. टिश्यूला दोष देऊन काय उपयोग, घोळ पहिल्या दिवशीचाच होता ना!

म्हणून आत गेल्यावर पहिला प्रश्न हाच, स्टेंट किती उघडलाय. आयव्हसवर साडेपाच किंवा ओसीटीवर (तीही आतूनच बघते, पण आवाजाऐवजी प्रकाशाने) साडेचार चौरस मिलिमीटरच्या वर असेल, आणि शेजारच्या निरोगी नळीच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त, तर ठीक समजतात. लेफ्ट मेनचे, म्हणजे डावीकडच्या मुख्य मोठ्या नळीचे, आकडे वेगळे, तिथे जास्त जागा लागते. कमी उघडलाय म्हटल्यावर का, तर बहुतेकदा स्टेंटच्या मागे कॅल्शियमचं कडं असतं, किंवा साइजच लहान निवडलेली असते. साइज लहान असेल तर मोठा नॉन-कम्प्लायंट बलून (प्रेशर वाढवलं तरी ठरलेल्या साइजच्या फारसा पुढे न फुगणारा) पुरतो. कॅल्शियम असेल तर आधी ते फोडावं लागतं, खूप हाय प्रेशरचा बलून, लिथोट्रिप्सी (ध्वनिलहरींच्या धक्क्यांनी कॅल्शियम फोडणं), कधी लेझर. ते न करता आत दुसरा स्टेंट कोंबला तर तोही तेवढाच उघडतो, वर जागा अजून कमी, आणि पुढच्या वेळी दोन थर धातू फोडायचे.

स्टेंट चांगला उघडलेला असेल तर दुसरा प्रश्न, आत वाढलंय काय. इथे ओसीटी भारी, कारण ती १० ते २० मायक्रॉनपर्यंतचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक वेगळं दाखवते, आयव्हसला साधारण १०० मायक्रॉनच्या पुढचंच वेगळं दिसतं. साधी वाढलेली टिश्यू एकसारखी उजळ दिसते, जुन्या बेअर मेटल, म्हणजे औषधाचा लेप नसलेल्या, स्टेंटमध्ये जास्त करून हीच. औषधवाल्या स्टेंटमध्ये काही वर्षांनी स्टेंटच्या आतच नवीन चरबीचा थर बसतो, त्याला निओअॅथेरोस्क्लेरोसिस म्हणतात, तो काळपट आणि धूसर कडांचा, आणि कॅल्शियम असेल तर कडा स्पष्ट. साध्या टिश्यूला आधी साध्या बलूनने जागा नीट उघडून मग औषधाचा लेप असलेला बलून बऱ्याचदा पुरतो. चरबीवाल्यात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, किती खाली आणलंय हेही बघायला लागतं, नुसती नळी उघडून भागत नाही. कधी स्टेंट मोडलेला निघतो, कधी दोन स्टेंटमध्ये फट, तिथे मात्र नवीन स्टेंट टाकण्यात अर्थ आहे. आधीच दोन थर असतील तर तिसरा टाकायच्या आधी बायपासचा विचार करावा, असं मला वाटतं.

मग आयव्हस कधी? ती खोलवर बघते, स्टेंटच्या बाहेर मूळ नळी किती मोठी होती तेही दाखवते, म्हणजे साइज निवडायला सोपं. आणि ओसीटीला रक्त बाजूला सारायला जादा डाय लागतो, किडनी अशक्त असेल तर आयव्हसच बरी. फार अरुंद जागेतून दोन्ही कॅथेटर जात नाहीत, मग आधी छोटा बलून फुगवून वाट करावी लागते. काम झाल्यावर परत एकदा बघायचंच, तो शेवटचा आकडा रिपोर्टात लिहायचा, स्टेंटचे किती थर झाले तेही.

मागून कोणीतरी विचारताय, ज्यांना काहीच त्रास नाही त्यांनी दरवर्षी हे करून घ्यायचं का? नाही हो. ही तपासणी कॅथेटर हृदयाच्या नळीत घालून होते, त्याचे स्वतःचे धोके आहेत. त्रास परत सुरू झाला किंवा टेस्टमध्ये रक्त कमी पोचतंय असं दिसलं, आणि अँजिओ करायचीच ठरली, तर त्याच वेळी करायची.