पेला कुठल्या वाडीतला?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘प्राचीन चांदीची पानपात्रं : संग्रह आणि बाजार’. ‘पानपात्रं’ वाचून पुढच्या रांगेतले दोघं माझ्याकडे भलत्याच आशेनं बघतायत. मागच्या बाजूला फक्त चहा आहे, तोही नंतर.

आपण चौलात बसलोय. पहिल्या शतकात ग्रीक लिहिणाऱ्या कुणा व्यापाऱ्यानं बंदरांची टिपणं केली, ती ‘पेरिप्लस’ म्हणून ओळखली जातात. त्यातलं सेमुल्ला म्हणजे आपलं चौल, असं बहुतेक अभ्यासक मानतात. भडोचला काय न्यावं, तेही त्यानं लिहिलंय : तिथल्या राजासाठी चांदीची महागडी भांडी, गाणारी मुलं, उत्तम मद्य. माझ्यासारख्या निवृत्त इतिहास-मास्तरानं हे वाचलं की त्याची झोप उडते. एवढी गलबतं भडोचला जायची, त्यातला एखादा पेला आपल्याकडे उतरला नसेल कशावरून?

हे माझं दुखणं मुंबईच्या एका विक्रेत्यानं बरोबर हेरलं. नाव घेत नाही. दुकान जिन्यावर, पंखा बंद, समोर थंड चहा. त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेला पेला काढला. वीतभर उंच, काळाकुट्ट, काठाखाली द्राक्षांची वेल. “मास्तर, तुमच्या चौलचाच. वाडीत विहीर खणताना निघाला.” मी विचारलं, कुणाच्या वाडीत? तो हसला. “ते विचारायचं नसतं.”

आणि मी पुन्हा नाही विचारलं! अहो, पांढऱ्या कांद्याची माळ घेताना मी त्या मावशींना तीनदा विचारतो, कांदा आपल्या अलिबागकडच्या कार्ल्याचा की खंडाळ्याचा? वेणी उलटीपालटी करून बघतो. अलिबागच्या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे, उगाच कुठलाही गळ्यात नको. कांद्याला एवढी चौकशी, आणि इथं फंडातले पैसे मोजून मुकाट जिना उतरलो.

घरी आणून देवघराशेजारी ठेवला. दुपारी मी पडलो होतो. आमच्या हिनं काळं भांडं बघितलं आणि कोळलेल्या चिंचेनं घासून टाकलं. दोन हजार वर्षं मोरीतून वाहून गेली. उठून बघतो तर पेला लग्नात आहेर द्यावा तसा लखलखीत! मी ओरडलो. ही म्हणाली, “एवढं जुनं होतं तर निघालं कसं?” मंडळी, या विषयावर मी बरंच वाचलंय, इतका नेमका प्रश्न कुठं सापडला नाही. शतकानुशतकं मातीत राहिलेल्या चांदीत क्षार मुरतात, ती आतून ठिसूळ होते, दाबली तर तडकते. माझा पेला अंगठ्यानं दाबला की खुशाल वाकायचा.

तरी आशा सुटेना. अलिबागला सोनाराकडे गेलो. त्यानं मशीनखाली धरला : चांदी 92.5 टक्के, बाकी तांबं. म्हणजे अंगठ्या करतात ती स्टर्लिंग. सातवाहनांच्या सोनारालाही हेच प्रमाण सुचलं असेल, असं मी दहा मिनिटं स्वतःची समजूत घालत होतो. जुन्या शुद्धीकरणात चांदीत थोडं सोनं, थोडं शिसं मागं राहायचंच. माझ्या पेल्यात दोन्हीचा पत्ता नाही. सोनारानं मजुरी घेतली नाही, तेच जास्त लागलं.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय : ‘पाच मिनिटं’. शेवटची एसटी आहे, खरंय. मग मूळ विषय भराभर.

पेला खोटा निघाला हे नशीब. खरा असता तर पंचाईत होती. जमिनीत गुप्तधन सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांच्या वर असली, तर कलेक्टरला कळवायचं, हा कायदा 1878 चा. दहा रुपयांत आज वडापावसुद्धा येत नाही, म्हणजे सगळंच कळवायचं. 1972 च्या कायद्यानं शंभर वर्षांपलीकडची अशी वस्तू पुरावस्तू ठरते. तिच्या धंद्याला परवाना लागतो, आणि देशाबाहेर ती फक्त सरकारच पाठवू शकतं. तेव्हा दुकानात भाव नंतर विचारा, आधी परवाना, मग मागच्या मालकांचे कागद. ‘विचारायचं नसतं’ म्हणाला की जिना उतरा.

न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन संग्रहालयही इथंच फसलं. 1980 च्या सुमारास त्यांनी ग्रीक चांदीचे सोळा नग घेतले, पेले, वाडगे धरून. माल तुर्कस्तानातला, असं त्यांना सांगितलं होतं. पुढं सिसिलीत मॉर्गान्टिनाला उत्खननात एका घराच्या जमिनीत चोरांनी खणलेले खड्डे मिळाले आणि त्यात 1978 चं शंभर लिरांचं नाणं. चोराचा खिसा फाटका असावा. 2010 मध्ये चांदी इटलीला परत गेली. घर सापडलं म्हणून कळलं, ती कुणीतरी आपल्याच घरात पुरून ठेवली होती. नाहीतर तो नुसता तोळ्यावर मोजायचा ऐवज.

रोमन पेल्यांवरच्या नक्षीबद्दल बोलायचं होतं, ते राहिलं. माझा पेला पिशवीत आणलाय. पहिल्या रांगेपासून फिरवा, अंगठ्यानं दाबून बघा. फक्त परत द्या हो, आमची ही त्यात वाती ठेवते.