किंग ऑलिव्हर आणि कोपऱ्यातला लुई

नमस्कार श्रोतेहो. न्यू ऑर्लिन्सच्या जॅझ परंपरेतला कॉर्नेटवादक आणि बँडप्रमुख जो ऑलिव्हर याच्याविषयी आज बोलायचंय. लोक त्याला ‘किंग’च म्हणत. कॉर्नेट म्हणजे थोडा आखूड ट्रम्पेट. शिकागोत नाव झाल्यावर १९२२ साली त्याने गावाकडे तार केली आणि आपल्या शिष्याला बोलावून घेतलं. तो शिष्य लुई आर्मस्ट्राँग.

एप्रिल १९२३. बँड इंडियानातल्या रिचमंडला जेनेट कंपनीच्या स्टुडिओत पोहोचला. रेल्वेचे रूळ इतके जवळ की गाडी आली की ध्वनिमुद्रण थांबवायचं. आणि मायक्रोफोन नाही. पुन्हा सांगतो, मायक्रोफोन नाहीच. जुन्या ग्रामोफोनला कर्णा असतो ना, तसाच कर्णा, फक्त काम उलटं: वाजवायचं त्याच्या तोंडाशी, आणि पलीकडे सुई मेणाच्या तबकडीवर चरे ओढणार. हादऱ्याने सुई उडू नये म्हणून बेबी डॉड्सने मोठा ड्रम सोडून लाकडी ठोकळ्यांवर ताल धरला.

गुरू-शिष्य शेजारी उभे राहिले. लुईच्या कॉर्नेटचा आवाज एवढा दणदणीत की ऑलिव्हर ऐकूच येईना! मग लुईला मागे धाडलं. चांगलं दहा-पंधरा फूट मागे, कोपऱ्यात. पियानोवर लिल हार्डिन होती. तिने पुढे सांगितलंय, बिचारा अगदी हिरमुसला होता. ती मधूनच वळून त्याच्याकडे हसून बघायची. पुढच्याच वर्षी दोघांचं लग्न झालं.

साथीदारांवरून आठवलं. आपल्या मैफलींत तबलजीचं, पेटीवाल्याचं नाव शेवटी घाईघाईत उरकतात. माझं ठाम मत आहे, ती नावं आधी आणि नीट घ्यावीत.

असो. कॉर्नेटच्या तोंडावर म्यूट, म्हणजे आवाज दाबणारं झाकण, धरून त्याला बोलतं करायची विद्या मात्र ऑलिव्हरचीच. लुई त्याला जन्मभर ‘पापा जो’ म्हणत आला. १९२७ साली न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबचं काम पैसे कमी म्हणून ऑलिव्हरने नाकारलं आणि ते दुसरा बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टन याच्याकडे गेलं. मग हिरड्यांच्या दुखण्याने वाजवणं सुटलं. १९३८ साली जॉर्जियातल्या सवाना शहरात तो गेला, तेव्हा एका पूल हॉलमध्ये, म्हणजे बिलियर्ड्सच्या अड्ड्यावर, झाडलोट करत होता. या माणसाची ही परवड मला आजही सहन होत नाही.

आता रिचमंडच्या त्याच ध्वनिमुद्रणातलं ‘डिपरमाउथ ब्लूज’ ऐकूया. म्यूट लावलेला कॉर्नेट ऑलिव्हरचा. आणि हो, ताल ठोकळ्यांवर बेबी डॉड्स.