फोन केला तर यावेत, आले तर मारू नयेत

(दृश्य : मिनियापोलिस, शिकागो अव्हेन्यू. चौकाच्या मधोमध उगारलेल्या मुठीचं शिल्प. आधी फक्त रस्त्याचा आवाज, मग निवेदन.)

०.००१७.

अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराच्या सनदेत, म्हणजे शहराच्या मूळ कायद्यात, हा आकडा आहे. माणशी निदान इतके पोलीस शहराने पोसलेच पाहिजेत, असं ते कलम सांगतं. हजार माणसांमागे धड पावणेदोन पोलीसही भरत नाहीत. १९६१ साली हे कलम सनदेत आलं आणि पुढची जवळपास साठ वर्षं सामान्य माणसाला त्याची खबरही नव्हती.

मग आली २५ मे २०२० ची संध्याकाळ. हाच चौक. वीस डॉलरची खोटी नोट दुकानात दिल्याचा संशय, एवढंच निमित्त. डेरेक शॉविन नावाचा पोलीस जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मानेवर गुडघा रोवून बसला, तो ९ मिनिटं २९ सेकंद. पोलिसांनी काढलेल्या पहिल्या पत्रकात गुडघ्याचा उल्लेखच नव्हता. आरोपीला ‘वैद्यकीय त्रास’ होताना दिसला आणि नंतर तो दगावला, असं त्यात होतं. फुटपाथवर उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या एका मुलीने मोबाइल खाली घेतला नाही, म्हणून ते सेकंद मोजता आले. नाहीतर ते पत्रकच इतिहास झालं असतं.

(दृश्य : पावडरहॉर्न पार्क, हिरवळ, रिकामी बाकं.)

तेरा दिवसांनी, ७ जूनला, या बागेत व्यासपीठ उभं राहिलं. समोर मोठाली अक्षरं : ‘डिफंड पोलीस’, म्हणजे पोलिसांचा पैसा बंद करा. तेरापैकी नऊ नगरसेवकांनी तिथे शब्द दिला, की शहराचं पोलीस खातं आम्ही मोडीत काढू. टाळ्या कडाडल्या. त्या जागी नेमकं काय आणणार, हे मात्र त्या दिवशी कुणी सांगितलं नाही. पुढेही फारसं सांगितलं नाही.

पावडरहॉर्न पार्क शहराच्या दक्षिण भागात आहे. कृष्णवर्णीयांची सर्वांत मोठी वस्ती आहे उत्तरेला, नॉर्थसाइडमध्ये. तिथला हिशोब वेगळा होता. पोलीस एकामागून एक खातं सोडून जात होते. गोळीबार वाढत होते. २०२१ च्या वसंतात काही आठवड्यांच्या आत तीन लहान मुलांना गोळ्या लागल्या. कुणी गाडीत बसलेलं, कुणी अंगणात खेळणारं. त्यातली दोन मुलं गेली.

नॉर्थसाइडच्या आठ रहिवाशांनी ऑगस्ट २०२० मध्येच शहराला कोर्टात खेचलं होतं. माजी नगरसेवक डॉन सॅम्युएल्स त्यांच्यात होते. मागणी एकच : सनदेत लिहिलेत तेवढे पोलीस द्या. फ्लॉइडचा जीव ज्या खात्याने घेतला, त्याच खात्याची माणसं कमी पडताहेत म्हणून कृष्णवर्णीय कुटुंबं दावा लावतात, हे बाहेरून बघणाऱ्याला विचित्र वाटेल. नॉर्थसाइडमध्ये ते कुणाला विचित्र वाटलं नाही. रात्री दारावर धक्के बसू लागले की पोलिसांना बोलवायला ९११ वर फोन करावाच लागतो, आणि गाडी येताना दिसली की आपल्याच घरातल्या मुलाला आधी आत घ्यावं लागतं. एकाच घरातल्या या दोन भीती आहेत.

पक्षांना मात्र एका वेळी एकच भीती समजते.

हा झगडा डेमोक्रॅट विरुद्ध रिपब्लिकन असा नव्हताच. तेव्हाच्या तेरा नगरसेवकांत बारा डेमोक्रॅट आणि एक ग्रीन पक्षाचा. रिपब्लिकन औषधालाही नव्हता. २ नोव्हेंबर २०२१ ला मतपत्रिकेवर प्रश्न आला : पोलीस खातं काढून सार्वजनिक सुरक्षा विभाग आणायचा का? त्यात तो ०.००१७ पण जाणार होता. शॉविनवरचा खटला ज्यांच्या कार्यालयाने चालवला ते राज्याचे ॲटर्नी जनरल कीथ एलिसन ‘हो’ म्हणाले, खासदार इल्हान ओमर ‘हो’ म्हणाल्या. महापौर जेकब फ्रे, गव्हर्नर टिम वॉल्झ, सिनेटर एमी क्लोबुशार ‘नाही’. सगळे एकाच पक्षाचे.

आणि ‘नाही’ म्हणाले पोलीसप्रमुख मेडारिया अराडोंडो. या शहराचे पहिले कृष्णवर्णीय पोलीसप्रमुख. वंशभेद होतो म्हणून २००७ मध्ये आपल्याच खात्यावर दावा लावणाऱ्या पाच अधिकाऱ्यांतले एक. मतदानाच्या काही दिवस आधी त्यांनी वैतागून सांगितलं, की तपशीलवार आराखडा राहू द्या, कागदी नॅपकिनवर काढलेलं चित्र दाखवलं तरी चालेल. तेही मला कुणी दाखवलेलं नाही.

प्रस्ताव पडला. साधारण ५६ विरुद्ध ४४ टक्के. नॉर्थसाइडच्या चौथ्या आणि पाचव्या प्रभागांनीही तो नाकारला. पावडरहॉर्नच्या व्यासपीठावर असलेले चौथ्या प्रभागाचे नगरसेवक फिलीप कनिंगहॅम हरले. तिथेच असलेले पाचव्याचे जेरमाया एलिसन मात्र निवडून आले. तेव्हा ‘कृष्णवर्णीय मतदार अमुक बाजूला’ असं एका वाक्यात सांगणाऱ्या पंडितांना नॉर्थसाइडची एक फेरी मारून आणावी.

२०२० च्या उन्हाळ्यातच गॅलप या जनमत चाचणी घेणाऱ्या संस्थेने देशभर विचारलं होतं : तुमच्या भागात पोलीस आहेत तितकेच दिसावेत, जास्त की कमी? ८१ टक्के कृष्णवर्णीयांनी तितकेच किंवा जास्त, असं उत्तर दिलं. दोन्ही पक्षांनी हा आकडा सोयीने वापरला. पण तितकेच पोलीस हवेत म्हणजे तसेच पोलीस हवेत, असं कुणी म्हटलं नव्हतं.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं, ओकलंड.)

पोलिसांवर नजर हवी, ही मागणी तशी जुनी आहे. आपल्याकडे पँथर म्हटलं की १९७२ ची मुंबई, ढसाळ, ढाले, ज. वि. पवार आठवतात. ज्यांच्यावरून ते नाव आलं, त्या ओकलंडच्या ब्लॅक पँथरांचं १९६६ मधलं सुरुवातीचं काम काय होतं? पोलिसांच्या गाडीमागे गाडी घालायची आणि ते काय करतात यावर नजर ठेवायची.

(दृश्य : वॉशिंग्टन, कॅपिटॉलचा घुमट.)

इथे गोष्ट लवकर संपते. फ्लॉइडच्या नावाचं पोलीस सुधारणा विधेयक प्रतिनिधिगृहात दोनदा मंजूर झालं, जून २०२० आणि मार्च २०२१ मध्ये. सिनेटमध्ये अडलं. वाटाघाटीला बसले तिघे : डेमोक्रॅट कोरी बुकर आणि कॅरन बास, रिपब्लिकन टिम स्कॉट. तिघेही कृष्णवर्णीय. लोकप्रतिनिधी असताना एका वर्षात आपल्याला पोलिसांनी सात वेळा थांबवलं, हे स्कॉट यांनी २०१६ मध्ये सभागृहातच सांगितलं होतं. तरी सप्टेंबर २०२१ मध्ये बोलणी फिसकटली. चुकलेल्या पोलिसावर नुकसानभरपाईचा दावा लावता यावा की नाही, हा त्यातला मोठा अडसर होता.

(दृश्य : पुन्हा मिनियापोलिस. नॉर्थसाइड, संध्याकाळ, पायऱ्यांवर बसलेली माणसं.)

त्या आठ जणांच्या दाव्यावर जून २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. शहराची लोकसंख्या जवळपास ४ लाख ३० हजार, गुणिले ०.००१७ : ७३१ पोलीस. ते नेमा, नाहीतर का नेमले नाहीत याचं कारण दाखवा, असं महापौरांना सांगितलं गेलं. नेमायला माणसं मिळेनात, ही पुढची कथा.

दुसऱ्या भीतीचा कागद वेगळ्या टेबलावर होता. जून २०२३ मध्ये केंद्रीय न्याय खात्याने अहवाल दिला, की हे पोलीस कृष्णवर्णीयांशी भेदभाव करतात आणि विनाकारण बळ वापरतात. जानेवारी २०२५ मध्ये सुधारणांचा करार झाला. सरकार बदललं. मे २०२५ मध्ये, फ्लॉइडच्या पाचव्या स्मृतिदिनाला चार दिवस उरले असताना, त्याच न्याय खात्याने करारातून अंग काढून घेतलं. राज्याच्या मानवी हक्क विभागाशी शहराने केलेला वेगळा करार तेवढा कोर्टाच्या देखरेखीखाली चालू राहिला.

(दृश्य : अंधार पडतो. दूरवर सायरन. पायऱ्यांवरची माणसं माना वळवून बघतात.)