एअरड्रॉप दिसत नाही? राउटर सोडा, ब्लूटूथ तपासा

नमस्कार मंडळी. असेंबल केलेल्या पीसीवर ॲपलची मॅकओएस प्रणाली, म्हणजेच हॅकिन्टॉश, चालवणारे बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे प्रेक्षक एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारत आहेत : वाय-फाय झकास चालते, मग आयफोनवरून एअरड्रॉप, म्हणजे ॲपलच्या उपकरणांतली बिनतारी फाइल देवाणघेवाण, का होत नाही? ॲपलचा परवाना मॅकओएस केवळ ॲपलच्याच संगणकावर चालवण्याची मुभा देतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्यावर आज वेळ घालवत नाही.

वाय-फाय आणि ब्लूटूथ देणाऱ्या कार्डाचे थोडक्यात सांगतो. इंटेलच्या कार्डावर आयटीएलडब्ल्यूएम ड्रायव्हरने इंटरनेट मिळते, एअरड्रॉप मिळत नाही. त्यासाठी ब्रॉडकॉमचे बीसीएम ९४३६० जातीचे कार्ड घ्यावे.

खरी मेख पुढेच आहे. एअरड्रॉप समोरचे उपकरण ब्लूटूथने शोधते आणि फाइल दोन उपकरणांमधल्या थेट वाय-फायने पाठवते. राउटरचा त्यात काडीचाही संबंध नाही. डेस्कटॉपच्या पीसीआय एक्स्प्रेस कार्डाचे वाय-फाय स्लॉटवर चालते, पण ब्लूटूथसाठी मदरबोर्डवरील ९ पिनांच्या यूएसबी हेडरला (जोडणीच्या जागेला) वेगळी केबल जोडावी लागते. खानापूरचे एक लग्नाचे व्हिडिओग्राफर आपला कॅबिनेट घेऊन माझ्याकडे आले, तेव्हा ती केबल खोक्यातल्या पिशवीत घडीसुद्धा न मोडता पडून होती, आणि विक्रेत्याने त्यांना राउटर बदलण्याचा सल्ला दिला होता!

लॅपटॉपवाल्यांनी ‘आमच्याकडे केबलच नसते’ म्हणून हात झटकू नयेत. लॅपटॉपमधल्या छोट्या एम.२ कार्डाचे ब्लूटूथही यूएसबीवरच चालते. त्याच्या जोडण्या स्लॉटमध्येच असतात, एवढाच फरक.

केबल जोडूनही ब्लूटूथ दिसत नसेल, तर पुन्हा यूएसबीकडेच वळावे. मॅकओएस एका यूएसबी कंट्रोलरवर १५ पोर्टच मानते. मॅपिंग करताना, म्हणजे त्यातले कोणते पोर्ट ठेवायचे ते ठरवताना, पुष्कळजण मागचे रिकामे पोर्ट जपतात आणि नेमका ब्लूटूथचा पोर्ट वगळतात. तो ठेवावा आणि त्याचा प्रकार २५५, म्हणजे अंतर्गत, असा नोंदवावा.

२०२३च्या सोनोमा या मॅकओएसच्या आवृत्तीपासून ॲपलने या ब्रॉडकॉम कार्डांच्या वाय-फायचा आधार काढून घेतला आहे. ओपनकोअर लेगसी पॅचर या सॉफ्टवेअरने तो परत आणता येतो, मात्र अपडेट झाले की पॅच पुन्हा लावावा लागतो. तेव्हा ऐन लग्नसराईत, एडिटिंग अर्धवट असताना, अपडेटच्या वाटेला जाऊ नये.

यापुढे कमेंटमध्ये ‘चालत नाही’ एवढेच लिहू नये, ही विनंती. कार्डाचा क्रमांक, मॅकओएसची आवृत्ती आणि सिस्टम इन्फॉर्मेशनमध्ये यूएसबीच्या यादीत ब्लूटूथ दिसते की नाही, हे तिन्ही कळवावे.