किती काढायचं?

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय 'फुप्फुस आणि अन्ननलिका: शस्त्रक्रियेतलं नवं संशोधन'. छातीच्या शस्त्रक्रियेवर बोलायचं म्हटलं की श्रोते रोबोटची चित्रं बघायला बसतात. आज चित्रं आणलेली नाहीत. रोबोट चांगलाच आहे, मला त्याच्याबद्दल आकस नाही. पण गेली कित्येक वर्षं माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळते आहे, आणि तुमच्यासारखे ऐकणारे समोर असताना ती बोलून टाकणार आहे. आमच्या शाखेतले मोठे प्रश्न साधे आहेत. माणसाच्या छातीतून किती काढायचं? केव्हा काढायचं? आणि काढायला हवंच का? हे ठरवायला हत्यार कामाचं नाही, तिथे मोजावं लागतं.

छाती उघडणं हेच मुळात शतकानुशतकं अशक्य होतं. पोट उघडलं तर आतडी जागेवर राहतात. छाती उघडली की बाहेरची हवा आत शिरते आणि फुप्फुस मिटतं. 1904 साली ब्रेस्लाऊमध्ये झाउअरब्रुख या तरुण सर्जननं यावर तोडगा काढला. त्यानं अख्खी खोलीच हवाबंद केली आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा कमी ठेवला. रुग्णाचं धड आणि सर्जन खोलीच्या आत, रुग्णाचं डोकं रबरी पट्ट्यातून बाहेर, भूल देणाराही बाहेर. कल्पना करा, भूलतज्ज्ञाला काही सांगायचं तर भिंतीपलीकडे निरोप पाठवायचा! (हसू नका, त्या काळी ही अतिशय प्रगत व्यवस्था होती.) पाच वर्षांत मेल्टझर आणि आउअर या न्यूयॉर्कच्या दोन शास्त्रज्ञांनी श्वासनलिकेत बारीक नळी घालून हवा आत सोडली आणि फुप्फुस फुगलेलं ठेवून दाखवलं. त्या खोलीचं काम नळीनं केलं. हे दोघे सर्जन नव्हते, शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करत होते. इथे विद्यार्थी बसले आहेत त्यांनी याची नोंद घ्यावी.

आता माझी आवडती गोष्ट. ही जरा लांबेल.

5 एप्रिल 1933, सेंट लुईस. सर्जन इव्हार्ट्स ग्रॅहम. रुग्ण स्वतः डॉक्टर, पिट्सबर्गचे प्रसूतितज्ज्ञ, वय अठ्ठेचाळीस, डाव्या फुप्फुसात कर्करोग. असं सांगतात की तपासणी आणि शस्त्रक्रियेच्या मधल्या दिवसांत ते घरी जाऊन आले. तिथे त्यांनी दातांत सोनं भरून घेतलं आणि दफनभूमीत जागाही घेऊन ठेवली. दोन्ही बाजूंची तयारी! ग्रॅहमनी छाती उघडली ती एक खंड, म्हणजे लोब, काढायच्या बेतानं. आत बघतात तर गाठ अशा ठिकाणी की एक खंड काढून भागणार नाही. कर्करोगासाठी संपूर्ण फुप्फुस एका बैठकीत काढलेला आणि त्यातून वाचलेला रुग्ण तोवर जगात नव्हता. ग्रॅहमनी काढलं. रिकाम्या पोकळीचं काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून काही बरगड्याही काढल्या, म्हणजे छातीची भिंत आत बसेल आणि पोकळी भरेल. रुग्ण वाचला, पुन्हा डॉक्टरकी करू लागला आणि पुढे तीस वर्षं जगला.

बहुतेक जण गोष्ट इथे थांबवतात. मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. ग्रॅहम स्वतः भरपूर सिगारेटी ओढत. धूम्रपानानं फुप्फुसाचा कर्करोग होतो असं काही सहकारी म्हणू लागले होते, ते त्यांना पटत नव्हतं. सिगारेटच्या खपासारखाच नायलॉनच्या मोज्यांचा खपही वाढलाय, असं त्यांचं उत्तर असे. आणि हे उत्तर मूर्खपणाचं नाही हो! दोन गोष्टी बरोबरीनं वाढल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही, हे आपण आजही विद्यार्थ्यांना शिकवतो. मग वाइंडर नावाचा वैद्यकीय विद्यार्थी त्यांच्याकडे आला, म्हणाला, मोजून बघू या. ग्रॅहमनी त्याला हाकलून दिलं नाही. 684 रुग्णांच्या मुलाखती झाल्या आणि 1950 मध्ये दोघांच्या नावानं निबंध आला: फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पुरुष रुग्णांत न ओढणारे शोधून सापडावेत इतके कमी होते. त्याच वर्षी ब्रिटनमधून डॉल आणि हिल यांचाही तसाच निष्कर्ष आला. ग्रॅहमनी सिगारेट सोडली. 1957 मध्ये ते गेले, फुप्फुसाच्याच कर्करोगानं. ज्यांचं फुप्फुस त्यांनी काढलं होतं ते गृहस्थ तेव्हा हयात होते.

सर्जन म्हणून त्यांची कीर्ती त्या एका शस्त्रक्रियेवर उभी आहे. मला मात्र त्यांचा आदर वाटतो तो त्या निबंधासाठी. आपलं मत आणि आपली सवय दोन्ही आकड्यांपुढे ठेवायला मोठी छाती लागते.

ग्रॅहमनंतर काही काळ सगळं फुप्फुस काढणं हाच रिवाज झाला. मग अनुभवानं कळलं की बऱ्याच रुग्णांत एक खंड पुरतो, आणि लोबेक्टमी रूढ झाली. पण त्याहूनही कमी काढलं तर? खंडाचा एक भाग, सेगमेंट, तेवढाच? इथे सर्जनला सगळ्यात जड जाणारी गोष्ट करावी लागते, ती म्हणजे चिठ्ठी टाकणं. या रुग्णाचा खंड काढायचा की तुकडा, हे माझ्या हातानं, माझ्या अनुभवानं नाही तर चिठ्ठीनं ठरायचं. आयुष्यभर 'मला वाटतं' यावर निर्णय घेतलेल्या माणसाला हे सहन होत नाही. रुग्णाच्या नातेवाइकांनाही धक्का बसतो: डॉक्टर, तुम्हाला माहीत नाही का? खरंच माहीत नसतं. आणि जेव्हा खरंच माहीत नसतं तेव्हाच, रुग्णाला सगळं सांगून आणि त्याची संमती घेऊन, चिठ्ठी टाकायला परवानगी असते.

अमेरिकेतल्या अशा एका अभ्यासाचा निकाल 1995 मध्ये आला. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी, 247 रुग्ण. कमी काढलेल्यांत त्याच जागी रोग परत येण्याचं प्रमाण तिप्पट. विषय मिटला असं सगळ्यांनी धरलं. पण तो निकाल त्या काळातल्या गाठींचा होता. पुढे सिटी स्कॅन घरोघरी नाही तरी गावोगावी पोचले, आणि पूर्वी एक्सरेवर दिसल्याच नसत्या इतक्या लहान गाठी सापडू लागल्या. जपानी सर्जननी पुन्हा चिठ्ठी टाकली. 1106 रुग्ण, दोन सेंटिमीटरपर्यंतची, फुप्फुसाच्या कडेची गाठ. 2022 मध्ये निकाल आला: पाच वर्षांनी खंड काढलेल्यांपैकी 91.1 टक्के हयात, तुकडा काढलेल्यांपैकी 94.3 टक्के.

आता मजा बघा. त्याच जागी रोग परतण्याचं प्रमाण तुकडा काढलेल्यांत जास्तच होतं, 10.5 टक्के विरुद्ध 5.4. तरी जगले जास्त. कसे? खंड काढलेल्या गटात इतर कारणांनी, दुसऱ्या आजारांनी 52 मृत्यू झाले, तुकड्याच्या गटात 27. तुम्ही म्हणाल, जास्त फुप्फुस राहिलं म्हणून. पण श्वासाच्या चाचणीत वर्षानंतर दोन गटांत फरक होता जेमतेम साडेतीन टक्क्यांचा. एवढ्याशा फरकानं एवढे जीव वाचतात? की पुढे दुसरा आजार झाला तेव्हा शरीरात उपचार झेपण्याइतकी शिल्लक होती म्हणून? याचं समाधानकारक उत्तर अजून नाही. 2023 मध्ये 697 रुग्णांच्या दुसऱ्या अभ्यासातही कमी काढणं लोबेक्टमीपेक्षा कमी पडलं नाही. अट मात्र कडक आहे: गाठ लहान, कडेला, आणि लसिका ग्रंथी शस्त्रक्रियेच्या वेळीच तपासून स्वच्छ निघालेल्या. 'आता थोडंच काढतात म्हणे' एवढं ऐकून कुणी मोठ्या गाठीला तुकडा मागू नये.

माझी एक तक्रार आहे आणि ती आज सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही. एका परिषदेत अन्ननलिका काढण्याच्या शस्त्रक्रियांचा सुंदर तक्ता दाखवला गेला. रक्तस्राव, वेळ, तीस दिवसांतले मृत्यू. मी विचारलं, यातले किती जण वर्षभरानं घरच्यांबरोबर बसून जेवतात? तक्त्यात तो रकानाच नव्हता. अहो, अन्ननलिका काढून जठराची नळी करून छातीत ओढून घेतली की पोटात साठवायची जागाच जाते. माणूस थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा खातो. आडवा झाला की जेवण घशाशी येतं, म्हणून उशा रचून अर्धवट बसून झोपतो. वजन उतरतं. हे मोजायच्या प्रश्नावल्या आहेत, युरोपातल्या संशोधकांनी पारखून घेतलेल्या. वापरायला पैसे लागत नाहीत, रुग्णाशी बोलायला वेळ लागतो. आणि तीस दिवसच का? नव्वद दिवसांपर्यंत मोजलं तर मृत्यूंचा आकडा अनेक नोंदींमध्ये जवळपास दुप्पट होतो. एकतिसाव्या दिवशी गेलेला माणूस कुठल्या हिशेबात धरायचा?

दहा मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली आहे, आणि अन्ननलिका तर सगळी बाकी आहे. भराभर सांगतो.

1913 मध्ये फ्रान्झ टोरेक यांनी न्यूयॉर्कला छातीतली अन्ननलिका पहिल्यांदा यशस्वीपणे काढली. टोकं जोडायची हिंमत तेव्हा कुणात नव्हती. त्या बाई मानेपासून पोटापर्यंत बाहेरून लावलेल्या रबरी नळीतून जेवत तेरा वर्षं जगल्या. जोडणी पुढे जमली, आयव्हर लुईस यांची पद्धत 1946 ची. पण शस्त्रक्रिया कितीही सफाईची झाली तरी रोग परतत होता. 2012 मध्ये नेदरलँड्सच्या अभ्यासानं दाखवलं की आधी केमो आणि रेडिएशन देऊन मग शस्त्रक्रिया केली तर निम्मे रुग्ण हयात असण्याचा काळ 24 महिन्यांवरून 49 वर जातो. अन्ननलिकेच्या कर्करोगाचे दोन मुख्य प्रकार. वरच्या-मधल्या भागात जास्त आढळणाऱ्या स्क्वॅमसमध्ये या उपचारानंतर 49 टक्के रुग्णांच्या काढलेल्या अन्ननलिकेत कर्करोग सापडलाच नाही. खालच्या टोकाकडच्या अॅडेनोमध्ये 23 टक्के. अॅडेनोसाठी 2025 मध्ये जर्मन अभ्यासाचा निकाल आला की केमो-रेडिएशनऐवजी शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर चार औषधांची केमो सरस ठरते, 37 महिन्यांच्या जागी 66.

आणि आता मुद्दा, ज्यासाठी मी आज उभा आहे. ज्यांच्या अन्ननलिकेत काही उरलेलंच नव्हतं, त्यांची ती का काढली? आधी कळलं असतं तर? डच गटानं हाच प्रश्न धरला. केमो-रेडिएशननंतर तपासण्यांत रोग दिसत नाही अशा रुग्णांच्या एका गटाची ठरल्याप्रमाणे शस्त्रक्रिया, दुसऱ्या गटावर नुसती नजर, आणि रोग दिसला तरच शस्त्रक्रिया. एकूण 309 रुग्ण. दोन वर्षांनी नजर ठेवलेल्यांपैकी 74 टक्के हयात, शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी 71. नजर ठेवणं कमी पडलं नाही. दोन वर्षं हा काळ थोडा आहे, पाठपुरावा चालू आहे.

सगळा भार तपासणीवर येतो. त्याच गटाच्या आधीच्या अभ्यासात साध्या बायोप्सीनं बराचसा उरलेला कर्करोग 31 टक्के वेळा निसटला. एकाच जागी एकावर एक खोल तुकडे घेतले आणि संशयित ग्रंथींतून सुईनं नमुना घेतला तेव्हा हे प्रमाण 10 टक्क्यांवर आलं. म्हणजे ज्यांच्या आत बराच कर्करोग उरलाय अशा दहातल्या एकाला आपण 'काही नाही' सांगून घरी पाठवू. म्हणून दर तीन महिन्यांनी परत बोलवायचं, आणि तो आला नाही तर त्याच्या घरी फोन करणारं माणूस विभागात असायला हवं. ज्या रुग्णालयात असं माणूस नाही तिथे ही पद्धत आज सुरू करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बाकीचं प्रश्नोत्तरांत बोलू.