ठोंबे नसतील तर बुडणार नाहीत
(बालकादंबरीकार आर्थर रॅन्सम यांच्यावरील लघुमाहितीपटाचं निवेदन)

[चढाचं कुरण, खाली तळ्याचं पाणी]

इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यातला लेक डिस्ट्रिक्ट. कॉनिस्टन वॉटर या तळ्याच्या पूर्व काठावरचं हे बँक ग्राउंड शेतघर, आणि घरापासून थेट पाण्यापर्यंत उतरणारं हे कुरण. 1930 साली आलेल्या 'स्वॉलोज अँड अ‍ॅमेझॉन्स' या कादंबरीचं पहिलं वाक्य इथलं आहे. सात वर्षांचा रॉजर तळ्याकडून वर आईकडे धावत येतोय. सरळ वाट मोकळी आहे, तरी तो या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत नागमोडी पळतो. वारा समोरून येतोय आणि रॉजर या घटकेला शिडाचं जहाज आहे.

शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही. वाऱ्याच्या रेषेपासून साधारण 45 अंशांच्या आत नाळ (होडीचं पुढचं टोक) नेली की शीड फडफडतं, होडी थांबते. म्हणून आधी एका अंगाने तिरकं जायचं, मग वळून दुसऱ्या अंगाने, असं करत वर सरकायचं. रॉजर नेमकं तेच करतो. पुस्तक उघडून मिनिटही झालेलं नसतं आणि वाचणाऱ्या मुलाला नौकानयनातली पहिली गोष्ट कळलेली असते.

वर उभ्या असलेल्या आईच्या हातात तार आहे. समोरच्या बेटावर होडीने एकटं जाऊन तंबूत राहायची परवानगी मुलांनी वडिलांकडे मागितली होती. वडील नौदलात, त्यांचं जहाज माल्टाला. उत्तर आलं ते असं: 'ठोंब्यांपेक्षा बुडालेले बरे. ठोंबे नसतील तर बुडणार नाहीत.'

या तारेवरून रॅन्समना बेफिकीर ठरवणारे आजही भेटतात. त्यांनी पुढची पानं वाचायला हवीत. होडी हाताळायला मुलं आधीच शिकलेली आहेत. तंबू आई स्वतः शिवते. रोजचं दूध जवळच्या शेतावरून मुलांनीच आणायचं असं ठरतं, त्यामुळे मुलं ठीक आहेत हे मोठ्यांना रोज न विचारता कळतं. इतकी तयारी झाल्यावर मोठी माणसं बाजूला होतात.

[पील आयलंड, होडीतून जवळ येताना]

कॉनिस्टनच्या दक्षिण टोकाकडचं हे पील आयलंड. कादंबरीतलं तळं कॉनिस्टन आणि विंडरमिअर या दोन तळ्यांच्या मिश्रणातून केलेलं आहे, बेटही तसंच. पण बेटाचं लपलेलं बंदर इथलंच.

तंबूंकडे आधी पाहू. दोन झाडांमध्ये दोर ताणून त्यावर कापड टाकायचं. खडकाळ बेटावर मातीचा थर पातळ, खुंटी ठोकली तर धरत नाही. म्हणून कापडाच्या खालच्या कडेला खिसे शिवलेले, त्यात दगड भरायचे. वारा शिरला तरी कड जागची हलत नाही. तंबूचं इतकं वर्णन पुरतं. कापड आणि दोर असलेला कुठलाही मुलगा ते वाचून तंबू उभा करू शकतो.

आता बंदर. खडकांच्या मधून आत जाणारी ही चिंचोळी वाट पाहा. पाण्याखाली दोन्ही बाजूंना कातळ. वाट सापडावी म्हणून रॅन्समनी काठावर दोन खुणा ठेवल्या आहेत. पुढे, खाली एक बुंधा, त्यावर पांढरी फुली. मागे, उंचावर एक दुबेळक्याचं झाड. दोन्ही खुणा एकाखाली एक दिसत असतील तर होडी वाटेवर आहे. पुढची खूण मागचीच्या डावीकडे सरकलेली दिसली, तर आपण उजवीकडे वाहवलो. सुकाणू फिरवून डावीकडे यायचं. रात्री त्याच दोन जागी कंदील टांगायचे. मोठ्या बंदरांतली जहाजंही याच तत्त्वावर आत येतात, फक्त तिथे बुंध्याच्या जागी मनोरे असतात. रॉजरचा थोरला भाऊ जॉन हे स्वतः करून पाहतो, आणि अंधारात बेटावर उतरण्याचा प्रसंग या दोन कंदिलांवर तोललेला आहे.

[निब्थवेट, तळ्याचं दक्षिण टोक]

रॅन्सम यांचा जन्म 18 जानेवारी 1884 चा, लीड्सचा. वडील इतिहासाचे प्राध्यापक. सुट्टी लागली की सगळं कुटुंब इथे निब्थवेटला यायचं. पोचल्या पोचल्या छोटा आर्थर पाण्याशी जाऊन त्यात हात बुडवायचा, तेव्हाच त्याला आल्यासारखं वाटायचं. 1897 मध्ये वडील वारले. पुढे लंडनमध्ये प्रकाशकाकडे नोकरी आणि मिळेल ते लेखन. इथे काठावर लेनहेड नावाच्या घरात चित्रकार आणि लेखक डब्ल्यू. जी. कॉलिंगवुड राहत. त्या घराने रॅन्समना आपलं मानलं. कॉलिंगवुडांच्या होडीचंही नाव 'स्वॉलो' होतं.

1913 मध्ये ते लोककथा शोधत रशियाला गेले. 'ओल्ड पीटर्स रशियन टेल्स' हे पुस्तक 1916 चं. क्रांती त्यांनी वार्ताहर म्हणून जवळून पाहिली. क्रांतीचा नेता ट्रॉट्स्की याची सचिव एव्हगेनिया शेलेपिना त्यांची सोबतीण झाली. पहिली पत्नी आणि मुलगी टॅबिथा इंग्लंडमध्ये मागे राहिल्या. 1924 मध्ये एव्हगेनियाशी लग्न झालं आणि पुढच्या वर्षी दोघं विंडरमिअरच्या जवळ लो लडरबर्न या घरी येऊन राहिले. जुन्या कोठाराचा वरचा मजला ही रॅन्समची लिहायची खोली.

[रस्किन म्यूझियम, कॉनिस्टन: लाकडी होडी, जवळून]

ही होडी 1928 च्या उन्हाळ्यातली. कॉलिंगवुडांची मुलगी डोरा सीरियातल्या अलेप्पोमधल्या डॉ. अर्नेस्ट अल्टुन्यान यांची पत्नी. ते कुटुंब पाच मुलांसह बँक ग्राउंडला आलं. मुलांसाठी दोन होड्या घेतल्या गेल्या, 'स्वॉलो' आणि ही 'मेव्हिस'. शिकवायला रॅन्सम होतेच. मुलं परतली तेव्हा 'स्वॉलो' रॅन्समकडे राहिली. 'मेव्हिस' 1990 मध्ये दुरुस्त झाली, आणि कादंबरीतल्या होडीवरून तिला 'अ‍ॅमेझॉन' हे नाव मिळालं.

बांधणी नीट पाहा. प्रत्येक फळी खालच्या फळीवर थोडी चढवलेली, आणि जिथे चढते तिथे खिळ्यांची रांग. पातळ फळ्यांतूनही होडी ताठ राहते ती या चढवणीमुळे. कादंबरीतल्या दोन होड्यांत मात्र एक फरक आहे आणि रॅन्सम तो विसरू देत नाहीत. 'अ‍ॅमेझॉन'ला मधोमध वरखाली होणारी फळी आहे. ती खाली सोडली की होडी बाजूला घसरत नाही, उथळ पाण्यात वर ओढून घेता येते. 'स्वॉलो'ला तळाशी ठोकलेला कणा आणि आत वजन. दोघींची शर्यत लावायची तर कुठल्या पाण्यात कोण वरचढ, हा हिशेब मुलांना करावाच लागतो.

जानेवारी 1929 मध्ये अल्टुन्यान मुलांनी रॅन्समना वाढदिवसाला लाल तुर्की सपाता दिल्या. मार्चमध्ये त्यांनी कादंबरी लिहायला घेतली. टिटी, रॉजर आणि सूझन ही नावं त्या मुलांचीच. रॅन्समची पद्धत ठरलेली होती. आधी प्रकरणांच्या शीर्षकांची पूर्ण यादी, मग जे प्रकरण डोळ्यांसमोर स्पष्ट असेल ते आधी. क्रम पाळायचा नाही. पुस्तक जुलै 1930 मध्ये जोनाथन केप यांनी काढलं. पहिल्या दोन पुस्तकांचा जम बसायला वेळ लागला. 1932 च्या 'पीटर डक'ने ती अडचण संपवली.

'पीटर डक'पासून चित्रंही त्यांनी स्वतः काढली आणि नंतर पहिल्या दोन पुस्तकांतली इतरांची चित्रं बदलून आपली घातली. चित्रकलेचं शिक्षण नव्हतं. ओळखीच्या मुलांना दोर ओढताना, वल्हं मारताना उभं करून ते फोटो काढत. या फोटोंना त्यांनी नाव दिलं होतं 'हॉलिवूड'. चेहरे जमत नसत, म्हणून बहुतेक मुलं पाठमोरी. पण दोर कुठून निघून कुठल्या कप्पीतून जातो, हे त्या चित्रांत स्पष्ट कळतं.

[तळ्यावर वारा, शीड भरताना]

1931 चं 'स्वॉलोडेल'. यात जॉन होडी बुडवतो. वारा पाठीमागून, झोत वाढलेले. अशा वेळी शीड आखडून लहान करायचं असतं, जॉन करत नाही. पाठीमागच्या वाऱ्यात धोका एकच: वारा शिडाच्या मागच्या कडेत शिरला तर अख्खं शीड एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला झपाट्याने फेकलं जातं, होडी गर्रकन वळते. वळते ती खडकावर. पोहत सगळे काठाला लागतात आणि त्याच पानांवर काम सुरू होतं. बुड्या मारून आतली वजनं काढायची, दोराने होडी ओढायची, भोकावर कापडाचं ठिगळ ठोकून कारागिरापर्यंत न्यायची. डोलकाठी मोडली आहे, ती जॉन स्वतः नवी करतो: रंधा, मग पॉलिशपेपर, मग जवसाचं तेल. चुकीची भरपाई हाताने होते. बालसाहित्यात इतकी स्वच्छ शिक्षा आम्हाला दुसरी ठाऊक नाही.

[कॉनिस्टनच्या डोंगरातल्या तांब्याच्या खाणी]

803 मीटर उंचीच्या ओल्ड मॅन ऑफ कॉनिस्टनच्या या उतारांवर तांबं निघत असे. मुलांच्या नकाशावर हा डोंगर म्हणजे कांचनगंगा. 'पिजन पोस्ट' ही 1936 ची कादंबरी इथली. खाणींची माहिती रॅन्समनी मित्र ऑस्कर ग्नॉस्पेलियस या अभियंत्याकडून घेतली. मुलं सोनं शोधतात. निरोप कबुतरांकडून जातात. कबुतर खुराड्यात शिरताना तारेचं दार ढकलतं, विजेचं वर्तुळ पुरं होतं आणि घरात घंटा वाजते. हे मुलांपैकी डिकने जुळवलेलं. गाळलेली पूड वितळवायला कोळशाची भट्टी, भाता मारायला पाळ्या. मूस (धातू वितळवायचं भांडं) तडकते आणि सगळा माल भट्टीत जातो.

उरलेल्या पुडीवर डिक अम्लराज ओततो, म्हणजे तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्ल. पुस्तकात लिहिलंय, सोनं अम्लराजात विरघळतं. पूड विरघळते. डिकला वाटतं, सिद्ध झालं. पण अम्लराजात तांबंही विरघळतं. सोनं विरघळतं म्हणून विरघळणारं प्रत्येक सोनं होत नाही, हा तर्कातला खड्डा रॅन्सम मुलाला स्वतः पडून पाहू देतात. आणि जे सापडलं ते तांबं, म्हणजे शोध वाया गेलेलाच नसतो. ब्रिटनच्या ग्रंथालय संघटनेचं पहिलं कार्नेगी पदक या पुस्तकाला मिळालं.

[ऑरवेल नदी, सफक: 'नॅन्सी ब्लॅकेट' शिडावर]

1935 मध्ये रॅन्सम पूर्व किनाऱ्यावर सफकला आले. ही त्यांची होडी. 1931 मध्ये बांधलेली, 28 फुटांची. विकत घेऊन तिला आपल्याच नायिकेचं नाव दिलं, 'नॅन्सी ब्लॅकेट'. 1937 च्या 'वी डिडन्ट मीन टु गो टु सी' मधली 'गॉब्लिन' ती हीच, आतल्या फळ्याफडताळांसकट.

गोष्ट नांगरापासून सुरू होते. होडीचा तरुण मालक पेट्रोल आणायला किनाऱ्यावर जातो, चार मुलं होडीवर. धुकं उतरतं, भरती चढते. हार्विचला मोठ्या भरतीत पाणी साडेतीन मीटरच्या आसपास चढतं. नांगर धरतो तो साखळी तळाशी आडवी पडल्यामुळे. ओढ आडवी राहिली की फाळ रुततो. पाणी वाढलं आणि साखळी तेवढीच राहिली, तर ती उभी होते, ओढ वर जाते आणि नांगर उपटला जातो. म्हणून साखळी मोजायची ती भरतीच्या खोलीवर, तीही निदान तिप्पट. जॉनला हे कळतं आणि तो आणखी साखळी सोडायला धावतो, पण ती आवरत नाही, सरसरत सगळीच पाण्यात जाते.

मग रॅन्सम मुलांना समुद्रात ढकलतात, आणि तिथे जॉनचा निर्णय वाचण्यासारखा आहे. धुक्यात किनारा शोधत परतायचं नाही. वाळूचे दांडे किनाऱ्याजवळ असतात, उघड्या समुद्रात नसतात. शीड आखडायचं, होकायंत्रावर नजर ठेवायची, पुढे जायचं. एक आगबोट अंगावर येते तेव्हा लाल प्लास्टिकच्या ताटलीमागे बॅटरी धरून मुलं लाल दिवा करतात. सकाळी ती हॉलंडच्या व्लिसिंगेन बंदरात पोचतात. हा मार्ग खरा ठरतो का, हे पाहायला रॅन्सम स्वतः 1936 मध्ये 'नॅन्सी' घेऊन व्लिसिंगेनला गेले होते. त्यानंतरच पुस्तक आलं.

एकूण बारा पुस्तकं, शेवटचं 1947 चं. 3 जून 1967 ला रॅन्सम गेले, रस्लंडच्या चर्चच्या आवारात त्यांना पुरलं. रॉजर अल्टुन्यान डॉक्टर झाले. दम्यावरचं सोडियम क्रोमोग्लायकेट त्यांनी स्वतःच्या दम्यावर तपासून सिद्ध केलं.

[कलफत करणारे, म्हणजे फळ्यांच्या सांध्यांत दोरा ठासणारे हात; सांध्यांचं जवळचं दृश्य]

'नॅन्सी' मधल्या काळात स्कारबरो बंदरात कुजत पडली होती. 1980 च्या दशकात तिची दुरुस्ती झाली आणि 1997 पासून ती एका न्यासाकडे आहे. लाकडी होडी जपायची म्हणून काठावर छपराखाली ठेवली तर फळ्या वाळतात, आकसतात, सांधे उघडतात आणि कलफतीचा दोरा सैल होतो. पाण्यात असली की लाकूड फुगून सांधे स्वतःच मिटतात. गोडं पाणी मात्र वाईट. पावसाचं पाणी डेकच्या फटींतून आत झिरपून कोपऱ्यात साचलं की कुजणं तिथूनच सुरू होतं, म्हणून आत सतत हवा खेळती ठेवायची. हिवाळ्यात रंगरंगोटी आणि सांध्यांची तपासणी, वसंतात पुन्हा नदीत. न्यासाच्या सभासदांना अनुभवी कप्तानासोबत ती चालवायलाही मिळते.