शेवटच्या स्टेशनच्या पलीकडे: न्यूयॉर्क सबवेचे रिकामे रूळ

(दृश्य: ब्रुकलिन ब्रिजचा फलाट. ६ नंबरची गाडी रिकामी होते.)

मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाकडचं ब्रुकलिन ब्रिज–सिटी हॉल. सबवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या, ६ नंबरच्या गाडीचं शेवटचं स्टेशन. गाडी दहा डब्यांची, ५१० फूट, म्हणजे साधारण १५५ मीटर लांब. प्रवासी उतरले, दारं लागली. पण गाडी आल्या वाटेने मागे फिरत नाही. ती त्याच दिशेने पुढे, अंधारात शिरते.

(दृश्य: डब्याच्या खिडकीतून कमानी, फरश्या, झुंबरं.)

हे जुनं सिटी हॉल स्टेशन. २७ ऑक्टोबर १९०४ ला सबवेची उद्घाटनाची गाडी इथूनच सुटली आणि महापौर मॅक्लेलन यांनी ती स्वतः चालवली. छताच्या या कमानी ग्वास्ताविनो पद्धतीच्या: पातळ फरश्यांचे थर एकमेकांवर चिकटवून उभ्या केलेल्या. काचेच्या झरोक्यांमधून उजेड थेट फलाटावर यायचा. पण फलाट बांधला होता पाच डब्यांच्या गाडीसाठी, आणि तोही भर वळणावर. पुढे गाड्या लांबल्या, डब्यांना मधोमध दारं आली. सरळ डबा आणि वाकडा फलाट, त्यामुळे मधल्या दारापाशी धोकादायक फट राहू लागली. ३१ डिसेंबर १९४५ ला स्टेशन बंद झालं. रूळ मात्र चालूच राहिले, कारण गाडी फिरवायला त्यांच्याइतकी सोयीची जागा दुसरी नव्हती.

(दृश्य: मोटरमन केबिन बंद करून डब्यांमधून चालत निघतो.)

गाडीला वळसा घालून परत आणणारा असा गोल रूळ, म्हणजे लूप, नसेल, तर काय करावं लागतं ते पाहा. फलाटाशी गाडी थांबली की मोटरमन ब्रेक लावतो, केबिन बंद करतो, आपलं सामान उचलतो आणि डब्यांमधली दारं उघडत-लावत १५५ मीटर चालत दुसऱ्या टोकाला जातो. तिथली केबिन सुरू करायची, ब्रेक तपासायचे, सिग्नलची वाट पाहायची. चालण्यातच दीड-दोन मिनिटं जातात. म्हणून गर्दीच्या वेळी मागच्या टोकाला दुसरा मोटरमन तयार ठेवतात. वेळ वाचतो, पण माणसं जास्त लागतात.

(दृश्य: फलाटाबाहेर इंग्रजी एक्सच्या आकाराचे सांधे. एक गाडी खोळंबलेली.)

आणि अडचण इथे संपत नाही. फलाटाच्या तोंडाशी गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणारे हे फुलीसारखे सांधे असतात. बाहेर पडणारी गाडी फुली ओलांडत असेल, तर आत येणारीला थांबावंच लागतं. एका गाडीला अर्धं मिनिट उशीर झाला की मागच्या तीन गाड्या बोगद्यात उभ्या राहतात.

लूपवर यातलं काही नाही. मोटरमन जागचा उठत नाही आणि फुली ओलांडावी लागत नाही.

(दृश्य: वळणावरचं चाक, अगदी जवळून. कर्कश आवाज.)

हा आवाज ही लूपची किंमत. आसाची दोन्ही चाकं एकत्रच फिरतात, पण वळणावर बाहेरचा रूळ लांब पडतो आणि आतला कमी. मग एक चाक घसरत, घासत जातं. चाकाची कड बाहेरच्या रुळाला दाबून चालते आणि रूळही झिजतो, चाकही. म्हणून आतल्या रुळालगत हा आणखी एक रूळ बसवलेला दिसतो: चाकाला धरून ठेवणारा. ग्रीस रुळाच्या बाजूला लावायचं असतं. ते रुळाच्या माथ्यावर गेलं, तर ब्रेक लावल्यावर चाक घसरतं.

(दृश्य: ब्रॉडवे मार्गाचं सिटी हॉल. खालच्या मजल्यावर उभ्या गाड्या.)

जवळच, ब्रॉडवे मार्गाच्या सिटी हॉल स्टेशनला दोन मजले आहेत. वरचा १९१८ मध्ये सुरू झाला. खालच्या मजल्यावर तीन रूळ आणि दोन फलाट बांधून तयार होते, पण मधेच आखणी बदलली. एक्स्प्रेस गाड्या कॅनॉल स्ट्रीटवरून मॅनहॅटन ब्रिजकडे वळवल्या आणि खालच्या फलाटांवरून प्रवासी वाहतूक कधी सुरूच झाली नाही. कॅनॉल स्ट्रीटच्या मधल्या रुळांवरून मात्र इथवर आजही येता येतं. गाड्या उभ्या करायला आणि गरज पडली तर फिरवायला ही जागा कामी येते. याला वाया गेलेलं बांधकाम म्हणणं चूक आहे.

(दृश्य: गंजलेल्या रुळाचा माथा, शेजारी चकचकीत रूळ.)

मात्र असे रूळ नुसते सोडून देऊन चालत नाही. रुळांमधून सिग्नलचा मंद विद्युतप्रवाह सोडलेला असतो. गाडीचा आस दोन्ही रूळ जोडतो, त्यावरून सिग्नलला कळतं की इथे गाडी आहे. रुळावर गंजाची साय धरली की ही जोडणी नीट होत नाही. गाडी समोर उभी असूनही सिग्नलच्या लेखी रूळ रिकामा! म्हणून अधूनमधून गाडी चालवून रूळ घासून ठेवावा लागतो. सांधे हलवून पाहावे लागतात, नाहीतर ते घाणीने अडकतात. गटारं मोकळी ठेवावी लागतात. कोरड्या दिवशीही या सबवेतून सुमारे १.३ कोटी गॅलन पाणी उपसलं जातं. एका ठिकाणी पाणी तुंबलं, की गाडीला वीज पुरवणाऱ्या तिसऱ्या रुळाखालच्या इन्सुलेटरवर ठिणग्या उडू लागतात.

(दृश्य: लेक्सिंग्टन अव्हेन्यू–६३ स्ट्रीट. नंतर ९६ स्ट्रीटच्या पुढचा बोगदा.)

६३ स्ट्रीटचं हे स्टेशन १९८९ मध्ये उघडलं. तेव्हा फलाटाच्या एका बाजूला भिंत होती आणि भिंतीमागे आणखी रूळ. ते पुढच्या सेकंड अव्हेन्यू मार्गासाठी राखलेले होते. १ जानेवारी २०१७ पासून क्यू नावाची गाडी त्यांच्यावरून प्रवासी घेऊन धावते. ९६ स्ट्रीटच्या पुढे १९७० च्या दशकात खणलेला बोगदा होता. तोही वापरात घेतला. फलाटापुढे असे रूळ असले की मोटरमनला समोरच्या अडसराची धास्ती नसते, गाडी जरा वेगात आत आणता येते. बिघडलेली गाडीही पुढे सरकवता येते.

(दृश्य: साउथ फेरी, जुना फलाट. लोखंडी जाळ्या डब्याकडे सरकतात.)

साउथ फेरीचा हा लूप १९०५ चा. इथेही फलाट पाचच डब्यांचा, त्यामुळे १ नंबरच्या गाडीच्या फक्त पुढच्या पाच डब्यांची दारं उघडायची. गाडी पूर्ण थांबली की या जाळ्या फलाटातून बाहेर सरकून फट बुजवायच्या. त्या आत गेल्याशिवाय गाडी हलवायची नाही. मार्च २००९ मध्ये खाली नवं, दहा डब्यांचं सरळ स्टेशन सुरू झालं आणि हे बंद झालं.

२९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी वादळात नवं स्टेशन समुद्राच्या पाण्याने भरलं.

जुना लूप जागेवर होता. फलाट, रूळ, जाळ्या, सगळं. दुरुस्ती करून ४ एप्रिल २०१३ ला तो प्रवाशांसाठी उघडला. नवं स्टेशन पुन्हा सुरू व्हायला जून २०१७ उजाडला. तोवरची चार वर्षं फेरीचे प्रवासी याच फलाटावर चढले-उतरले.

आता तो पुन्हा बंद आहे. शेजारच्या आतल्या लूपवर, जिथला फलाट १९७७ पासून बंद आहे, तिथे ५ नंबरची गाडी संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी बोलिंग ग्रीनला रिकामी होऊन आजही वळते.